जर्मन युद्धवैमानिकाची कारकीर्द कशी लिहावी : योहानेस श्टाइनहोफ यांच्या निमित्ताने

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन वैमानिकांवर मराठीत जे लेख माझ्या वाचनात आले, त्यांतले बहुतेक मे १९४५ मध्ये संपतात. पाडलेल्या विमानांचा आकडा, मिळालेली पदके आणि शरणागतीचा दिवस एवढ्यावर माणूस संपवला जातो. पुढे तो तीस-चाळीस वर्षे जगला, पुन्हा गणवेशात आला आणि त्याच्या निर्णयांवर शेकडो तरुणांचे प्राण अवलंबून राहिले, हे एखाद्या ओळीत उरकले जाते. अशी कारकीर्द युद्ध आणि शांतता यांच्यासह सलग कशी लिहावी, याची पद्धत मी येथे सांगत आहे. नुसती पद्धत सांगून ती मनात ठसत नाही, म्हणून योहानेस श्टाइनहोफ यांचे उदाहरण शेवटपर्यंत हाताशी ठेवले आहे. त्यांनी युद्धात सहा वर्षांहून कमी काळ उड्डाणे केली आणि युद्धानंतर जवळजवळ दोन दशके पश्चिम जर्मनीच्या सैन्यात काढली. यांपैकी दुसरा काळ माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे.

आधी वही आखावी

लेखनाला बसण्यापूर्वी एक साधी वही घ्यावी आणि तिच्यात पाच रकाने आखावेत : तारीख, हुद्दा, पद, पथक व ठिकाण, आणि ही माहिती कोठून मिळाली. शेवटचा रकाना आळसाने रिकामा सोडला, तर सहा महिन्यांनी स्वतःच्याच नोंदीवर विश्वास ठेवता येत नाही. श्टाइनहोफ यांच्या बाबतीत पहिली ओळ १५ सप्टेंबर १९१३ ची, थुरिंगियातील बोटेनडोर्फ या गावातील जन्माची. त्यानंतर येना विद्यापीठातील भाषाशास्त्राचे शिक्षण, पैशांअभावी ते सोडावे लागणे, १९३४ मध्ये नौदलात भरती, तेथेच उड्डाणाचे प्रशिक्षण आणि १९३६ मध्ये हवाई दलात बदली. या मोजक्या ओळींतच एक प्रश्न दडलेला आहे. भाषांचा शिक्षक होऊ पाहणारा मुलगा नौदलात का गेला आणि तेथून हवाई दलात कसा पोहोचला? व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी विमाने ठेवण्याची बंदी होती, त्यामुळे वैमानिक घडवण्याचे काम आडवाटेने चालत असे. १९३५ मध्ये नव्या राजवटीने हवाई दल उघडपणे जाहीर केले आणि त्याला अधिकाऱ्यांची तातडीने गरज पडली. व्यक्तीची वाट आणि राज्याची गरज कोठे एकत्र आली, हे अशा नोंदींमधून दिसते.

जी वर्षे रिकामी राहतील ती तशीच रिकामी दिसू द्यावीत, त्यांवर वाक्यांचे पांघरूण घालू नये. जर्मन वैमानिकांच्या आयुष्यात १९४५ ते १९५५ हा पट्टा बहुधा पांढरा राहतो आणि तो का पांढरा राहिला हे शोधणे हेच पुढच्या कामाचे निम्मे अंग असते.

हुद्दा, पद आणि पथक यांची गल्लत

मराठी लेखकाकडून सर्वांत जास्त चुका येथे होतात, आणि त्याला एक कारण आहे. आपल्या हवाई दलात ब्रिटिश पद्धतीचे हुद्दे आहेत : फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, एअर कमोडोर. जर्मन हवाई दलात मात्र तेव्हाही आणि आजही भूदलासारखे हुद्दे आहेत : लॉयटनांट, ओबरलॉयटनांट, हाउप्टमान, मायोर, ओबर्स्टलॉयटनांट, ओबर्स्ट, आणि त्यावर जनरल. हाउप्टमान म्हणजे कॅप्टन आणि ओबर्स्ट म्हणजे कर्नल. त्यांना ‘फ्लाइट लेफ्टनंट’ किंवा ‘ग्रुप कॅप्टन’ करून टाकले, की वाचकाच्या मनात रॉयल एअर फोर्सचा तळ उभा राहतो.

त्याहून फसवा शब्द ‘कोमोडोर’. भारतात एअर कमोडोर हा हुद्दा आहे, तर जर्मन ‘गेश्वाडरकोमोडोर’, म्हणजे गेश्वाडर या मोठ्या हवाई पथकाचा प्रमुख, हे केवळ पद आहे आणि एखादा मेजरसुद्धा ते सांभाळत असे. मार्च १९४३ मध्ये योआखिम म्युन्खेबेर्ग ट्युनिशियात मारले गेल्यावर श्टाइनहोफ यांनी ७७ व्या लढाऊ गेश्वाडरची सूत्रे घेतली, तेव्हा ते मेजरच होते. ‘श्टाफेलकापिटेन’, म्हणजे श्टाफेल या छोट्या पथकाचा प्रमुख, हेही पद आहे, कॅप्टनचा हुद्दा नव्हे. वहीत हुद्दा आणि पद यांचे रकाने वेगळे ठेवायचे ते एवढ्यासाठीच.

पथकांची उतरंड एकदा पाठ करून ठेवावी. दोन विमानांची रोट, चारांचा श्वार्म, साधारण बारा विमानांचे श्टाफेल, तीन-चार श्टाफेलांची ग्रुप, आणि तीन-चार ग्रुपांचे मिळून शंभराच्या वर विमानांचे गेश्वाडर. जर्मन कागदांत ग्रुपचा क्रमांक रोमन अंकात आणि श्टाफेलचा साध्या अंकात लिहितात. हा फरक नजरेतून सुटला, तर तीस-चाळीस विमानांचा प्रमुख बारा विमानांचा प्रमुख ठरतो. गेश्वाडरला ‘स्क्वाड्रन’ म्हणणे ही आपल्याकडे रूढ झालेली चूक आहे, आणि ती टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे जर्मन शब्द देवनागरीत ठेवून पहिल्या वेळी एका वाक्यात त्याचा अर्थ देणे.

१७६ या आकड्याचे काय करावे

श्टाइनहोफ यांच्या नावावर ९९३ लढाऊ उड्डाणे आणि १७६ विमाने पाडल्याची नोंद आहे, त्यांपैकी १५२ पूर्व आघाडीवरची. हा आकडा लेखात यावाच, पण तो कसा तयार झाला हे लेखकाला ठाऊक असावे.

विमान पाडल्यावर जर्मन वैमानिकाला एक छापील अर्ज भरावा लागे. वेळ, उंची, ठिकाण, शत्रूच्या विमानाचा प्रकार, ते कसे पडले, जळत गेले की पंख तुटला, आणि साक्षीदार कोण, असे त्यात तपशीलवार रकाने असत. ठिकाण बहुधा गावाच्या नावाने न लिहिता नकाशावरील चौकटीच्या सांकेतिक क्रमांकाने लिहीत. अर्ज वरच्या कार्यालयात जाऊन मान्य होई आणि एका विमानाचे श्रेय एकाच वैमानिकाला मिळे, ते अर्धे-पाव वाटले जात नसे. पद्धत कडक होती यात शंका नाही. तरीही ढगांतून, धुरातून, ताशी पाचशे किलोमीटरच्या वेगात दोघांनी एकाच विमानावर गोळ्या झाडल्या आणि दोघांनीही ते पडताना पाहिले, असे वारंवार घडे.

१८ डिसेंबर १९३९ ची हेलिगोलँडच्या उपसागरावरील लढाई याचा चांगला नमुना आहे. श्टाइनहोफ त्या दिवशी एका श्टाफेलचे नेतृत्व करत होते. ब्रिटिशांची २२ वेलिंग्टन बाँबफेकी विमाने दिवसाढवळ्या आली आणि त्यांतील १२ नष्ट झाली. जर्मन वैमानिकांनी केलेले दावे तिसाहून अधिक होते, म्हणजे आकाशात होती त्याहून जास्त विमाने कागदावर पडली. येथे कोणी खोटारडा होता असे म्हणण्याचे कारण नाही. गोंधळलेल्या लढाईत डोळे असेच पाहतात. दुसऱ्या बाजूने ब्रिटिश तोफचींनीही जर्मन विमाने पाडल्याचे दावे प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त केले होते.

म्हणून कोणताही दावा तपासताना समोरच्या पक्षाची हानीची नोंद उघडावी. पूर्व आघाडीसाठी ती सोव्हिएत पथकांच्या नोंदवह्यांत मिळते, आणि तेथे एक खड्डा आहे : जर्मन नोंदी बर्लिनच्या घड्याळाप्रमाणे असत आणि सोव्हिएत नोंदी मॉस्कोच्या. हा फरक लक्षात घेतला नाही, तर खरी ठरणारी घटना खोटी वाटते आणि भलतीच घटना जुळते. तपासणी शक्य नसेल तेथे ‘पाडली’ असे न लिहिता ‘पाडल्याची नोंद आहे’ किंवा ‘मान्य दावे’ असे लिहावे. जर्मन अधिकृत शब्दाचा ‘हवाई विजय’ असा शब्दशः अनुवाद मी टाळतो, कारण त्या शब्दात समोरच्या विमानातील चार-पाच माणसे दिसेनाशी होतात.

कागद कोठे शोधावेत

जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराचा लष्करी विभाग फ्रायबुर्ग शहरात आहे आणि कामाची सुरुवात तेथील सूचीपासून करावी. मात्र हवाई दलाचे बरेचसे दप्तर युद्धाच्या शेवटच्या आठवड्यांत जाळले गेले, त्यामुळे एखाद्या पथकाची दैनंदिनी न मिळाली तर शोधाची पद्धत चुकली असे समजू नये. वैमानिकाची स्वतःची उड्डाणवही कुटुंबाकडे उरली असेल, तर तिच्याइतके विश्वसनीय दुसरे काही नाही, कारण तिच्यात उड्डाण आणि उतरण्याची वेळ त्याच दिवशी लिहिलेली असते. युद्धोत्तर काळासाठी जर्मन संसदेतील चर्चांची छापील इतिवृत्ते आणि त्या काळची साप्ताहिके आज घरबसल्या वाचता येतात. जर्मन येत नसेल, तर यंत्रानुवादाने अर्थाचा अंदाज घ्यावा, पण हुद्दे, पदे आणि तारखा मूळ पानावरूनच उतरवाव्यात.

आठवणींचे पुस्तक दोन तारखांनी वाचावे

श्टाइनहोफ यांनी सिसिलीतील १९४३ च्या लढाईवर १९६९ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. अशा पुस्तकाला नेहमी दोन तारखा असतात : ज्या दिवसाबद्दल लिहिले तो आणि ज्या दिवशी लिहिले तो. १९४३ च्या उन्हाळ्यात अमेरिकी बाँबफेकी विमानांना रोखता न आल्याने हवाई दलाचा सर्वोच्च प्रमुख हेर्मान ग्योरिंग याने लढाऊ पथकांना तार पाठवली आणि प्रत्येक पथकातील एका वैमानिकावर भ्याडपणाबद्दल लष्करी खटला भरण्याचा हुकूम दिला. श्टाइनहोफ यांच्या आठवणींत या तारेला मध्यवर्ती जागा आहे. ज्याने ही तार स्वतःच्या तंबूत वाचली, त्याचा संताप खरा आहे आणि तो लेखात यावा. त्याच वेळी, १९६९ मध्ये हे लिहिणारा माणूस नव्या जर्मन हवाई दलाचा प्रमुख होता आणि सैनिकाने वरिष्ठांपुढे केव्हा उभे राहावे हा त्याच्या रोजच्या कामाचा प्रश्न होता, हेही वाचकाला सांगावे.

जानेवारी १९४५ मधील ‘लढाऊ वैमानिकांचे बंड’ याच रीतीने पाहावे. ग्युन्टर ल्युट्सोव्ह यांच्या पुढाकाराने श्टाइनहोफ आणि इतर काही प्रमुखांनी बर्लिनमध्ये ग्योरिंगला तोंडावर सुनावले. ल्युट्सोव्ह यांची इटलीला रवानगी झाली आणि श्टाइनहोफ यांचे पद गेले. हे धैर्याचे काम होते. परंतु त्यांची तक्रार हवाई दल कसे चालवले जात आहे याबद्दल होती. राजवट काय करत आहे याबद्दल नव्हती. हा भेद पुसून त्या प्रसंगाला नाझीविरोधी उठावाचे रूप देण्याचा मोह होतो. तो आवरावा. ज्या राजवटीने युरोपभर संहार मांडला, तिच्यासाठी हा माणूस अखेरच्या एप्रिलपर्यंत उडत राहिला, हे वाक्य लेखात सरळ आणि स्पष्ट असले पाहिजे. ते लिहिल्याने पुढच्या आयुष्याचे मोल कमी होत नाही. मला तर ते लिहिल्याशिवाय पुढचे आयुष्य कळतच नाही.

१८ एप्रिल १९४५

वहीतील एखादी ओळ अशी असते की तेथे थांबून जवळून पाहावे लागते. म्युनिकजवळच्या रीम तळावर, आडोल्फ गालांड यांच्या जेट पथकातून, श्टाइनहोफ मेसरश्मिट २६२ हे जेट लढाऊ विमान घेऊन निघाले होते. पंखांखाली रॉकेटे होती आणि टाक्या भरलेल्या होत्या. धावपट्टीवर वेग घेत असतानाच विमान भरकटले, आदळले आणि पेटले. ते ज्वाळांतून बाहेर आले, पण चेहरा आणि हात भाजून गेले आणि पापण्या उरल्या नाहीत. त्यानंतरची सुमारे दोन वर्षे रुग्णालयात गेली. पापण्या नव्याने बसवल्या त्या १९६९ मध्ये, आणि त्या बसवणारा शल्यचिकित्सक ब्रिटिश होता.

या तारखांतील अंतर मोजावे. जवळजवळ चोवीस वर्षे हा माणूस डोळे पुरते मिटू शकत नव्हता, आणि पुढे सांगितलेले जवळजवळ सगळे काम त्याने त्याच अवस्थेत केले आहे. चरित्रात असा तपशील सहानुभूती मिळवण्यासाठी घालू नये. तो तारखांच्या शेजारी शांतपणे ठेवावा, वाचक स्वतः हिशेब करतो.

पांढरी वर्षे

१९४५ नंतर जर्मनीला सैन्यही नव्हते आणि स्वतःचे आकाशही नव्हते. कोरियातील युद्ध सुरू झाल्यावर वारे फिरले, १९५० मध्ये बॉनमध्ये थिओडोर ब्लांक यांच्या नावाने ओळखले जाणारे कार्यालय उघडले आणि तेथे भावी सैन्याची आखणी सुरू झाली. श्टाइनहोफ १९५२ मध्ये तेथे आले. नव्या सैन्याची स्थापना नोव्हेंबर १९५५ मधली. कर्नल आणि त्यावरच्या हुद्द्यासाठी जुन्या अधिकाऱ्यांची पार्श्वभूमी तपासायला एक स्वतंत्र समिती नेमलेली होती, त्यामुळे युद्धात कर्नल झालेल्या कोणाचेही चरित्र लिहिताना त्या समितीसमोरचा प्रवास शोधावा. याच काळात एरिख हार्टमान, ज्यांच्या नावावर ३५२ दावे आहेत, सोव्हिएत कैदेत होते आणि १९५५ मध्ये सुटले. दोघेही एकाच ५२ व्या गेश्वाडरमधले आणि दोघेही पुन्हा एकाच हवाई दलात आले, पण त्यांची मधली दहा वर्षे अगदी वेगळी गेली. तुलनेसाठी अशी जोडी हाताशी ठेवली तर पांढरी वर्षे बोलू लागतात.

श्टाइनहोफ यांनी अमेरिकेत जाऊन नव्या जेट विमानांचे प्रशिक्षण घेतले. ज्यांची विमाने दहा-बारा वर्षांपूर्वी पाडली, त्यांच्याच तळावर विद्यार्थी म्हणून उभे राहणे कसे असेल, याची कल्पना लेखकाने रंगवू नये. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवले असेल तेवढेच घ्यावे.

स्टारफायटर : शांततेतील खरी कसोटी

कारकिर्दीचा जो भाग सर्वांत विस्ताराने लिहावा तो हा. पश्चिम जर्मनीने अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीची एफ-१०४ स्टारफायटर विमाने एकूण ९१६ घेतली. सेवाकाळात त्यांतली सुमारे ३०० पडली आणि ११६ वैमानिक मेले, तेही शांततेच्या काळात. १९ जून १९६२ रोजी न्योरफेनिख येथे समारंभाची तालीम करताना चार विमाने एकत्र कोसळली. १९६५ हे सर्वांत वाईट वर्ष ठरले, जवळजवळ दर दोन आठवड्यांनी एक विमान पडत होते.

येथे ‘विमानच वाईट होते’ असे लिहून मोकळे होऊ नये. कारणे अनेक होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती. मुळात स्वच्छ हवेत उंचावर वेगाने झेपावण्यासाठी बनवलेल्या विमानावर जर्मनीने जमिनीलगत, कोणत्याही हवेत, बाँबसह जाण्याचे काम लादले आणि त्यासाठी त्यात वजनदार उपकरणे भरली. वैमानिक अमेरिकेतील ॲरिझोनाच्या निरभ्र आकाशात शिकत आणि उत्तर जर्मनीच्या ढगांत येऊन उडत. अनुभवी यंत्रज्ञ कमी होते, विमाने उघड्यावर पावसात उभी राहत. आणि संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी मूळ खुर्ची जमिनीजवळ कामाची नव्हती.

ऑगस्ट १९६६ मध्ये हवाई दलाचे प्रमुख वेर्नर पानिट्स्की यांनी ही खरेदी राजकीय निर्णय होता असे जाहीरपणे म्हटले आणि त्यांना पद सोडावे लागले. सप्टेंबरमध्ये ते पद श्टाइनहोफ यांच्याकडे आले. पुरेसे अधिकार मिळाल्याशिवाय जबाबदारी घेण्यास ते तयार नव्हते, आणि ही अट त्यांच्या चरित्रात पदकांच्या वर लिहावी असे माझे मत आहे, कारण १९४३ च्या तारेतून ते जे शिकले होते ते येथे कामी आले : अधिकाराविना जबाबदारी म्हणजे मृतांची यादी लिहिण्याचे काम. त्यांच्या काळात देखभालीची व्यवस्था सुधारली, प्रशिक्षणावर भर आला आणि १९६७ पासून मार्टिन-बेकर कंपनीच्या खुर्च्या बसवण्यास सुरुवात झाली. ही खुर्ची विमान धावपट्टीवर स्थिर उभे असतानाही वैमानिकाला वाचवू शके. रीमच्या धावपट्टीवर जळालेल्या माणसाच्या कारकिर्दीत हा बदल यावा, ही जुळणी लेखकाने शोधून काढलेली नाही. ती तारखांतच आहे.

अपघात कमी झाले, पण थांबले नाहीत, हेही लिहावे. १० मार्च १९७० रोजी योआखिम फोन हासेल हा तरुण वैमानिक स्टारफायटर कोसळून मरण पावला. त्याचे वडील काय-उवे फोन हासेल हे १९६६ च्या संकटाच्या काळात संरक्षणमंत्री होते. ‘श्टाइनहोफ यांनी प्रश्न सोडवला’ असे एक वाक्य लिहायचा मोह झाला, तर ही तारीख आठवावी.

त्यापुढचा भाग थोडक्यात चालतो. १९७१ ते १९७४ ते नाटोच्या लष्करी समितीचे अध्यक्ष होते, १९७४ मध्येच जनरल या चार ताऱ्यांच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, आणि २१ फेब्रुवारी १९९४ रोजी त्यांचे निधन झाले.

‘तो’ की ‘ते’

मराठीत लिहिताना एक निर्णय पहिल्याच वाक्याला घ्यावा लागतो, जो इंग्रजी लेखकाला कधी पडत नाही. वैमानिकाला एकेरी लिहायचे की आदरार्थी? पहिल्या महायुद्धातला रिख्टहोफेन आपण सहज एकेरी लिहितो, वीरकथेतल्या नायकासारखा. हिटलर आणि ग्योरिंग एकेरीच येतात, तेथे कारण वेगळे. श्टाइनहोफ यांना मी आदरार्थी लिहितो, आणि तीच पद्धत त्यांच्या सहकाऱ्यांना व विरोधकांनाही लावतो. काहीही ठरवले तरी चालेल, पण १९४५ पर्यंत ‘तो’ आणि १९५५ नंतर ‘ते’ असे होऊ देऊ नये. तसे झाले तर दोन वेगळी माणसे तयार होतात आणि आपण न बोलता दिलेला निकाल वाचकाच्या नकळत त्याच्या गळी उतरतो. निकाल द्यायचा असेल तर तो पूर्ण वाक्यात, कारणांसह द्यावा.

शेवटची नोंद

मृत्यूच्या तारखेनंतरही वहीत दोन-तीन ओळी ठेवाव्यात, कारण सैन्य आपल्या पथकांना माणसांची नावे देते आणि काढूनही घेते. रोस्टोकजवळच्या लागे तळावरील ७३ व्या गेश्वाडरला १९९७ मध्ये श्टाइनहोफ यांचे नाव देण्यात आले. तेव्हा त्या तळावर पूर्व जर्मनीकडून आलेली, सोव्हिएत बनावटीची मिग-२९ विमाने उडत होती. नॉयबुर्ग येथील ७४ व्या गेश्वाडरला १९७३ पासून दुसरे एक युद्धवैमानिक वेर्नर म्योल्डर्स यांचे नाव होते. म्योल्डर्स स्पेनच्या यादवीत जर्मनीने पाठवलेल्या कोंडोर पथकातून लढले होते, आणि त्या पथकातल्यांची नावे सैन्यात नकोत असा ठराव संसदेने १९९८ मध्ये केल्यावर, २००५ मध्ये ते काढले गेले. लागेच्या ओळीखाली म्हणूनच थोडी जागा सोडावी आणि लेख छापायला देण्याच्या आठवड्यात ती ओळ पुन्हा एकदा तपासून पाहावी.